तारापूरच्या दाबपात्राचा दाखला

तारापूरची पहिली अणुभट्टी १ फेब्रुवारी १९६९ रोजी क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली विखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू लागली; दुसरी त्याच महिन्याच्या २८ तारखेला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नोंदींत या दोन तारखा आहेत आणि या लेखाचा हिशोब तिथूनच सुरू होतो. त्या त्या दिवसापासून दाबपात्रांच्या, म्हणजे इंधन आणि उकळते पाणी ज्यांत असते त्या पात्रांच्या, पोलादी भिंतींवर वेगवान न्यूट्रॉनांचा मारा सुरू झाला. पात्रांच्या आत बसवलेल्या कुप्यांमधले पोलादाचे लहान तुकडेही तोच मारा सोसू लागले. तुकडा ५५ मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद, तेवढाच जाड, आणि एका बाजूला मधोमध २ मिलिमीटर खोल खाच. वाफ, टर्बाइन, वीज यांच्याशी या तुकड्यांचे काही देणेघेणे नव्हते. पात्राबरोबर म्हातारे व्हायचे, वेळ आली की बाहेर यायचे आणि हातोड्याखाली मोडून पात्राची प्रकृती सांगायची, एवढेच त्यांचे काम.

तारापूरवर मराठीत लिहिले गेले ते बहुतेक करारांविषयी, इंधनावरून झालेल्या राजकारणाविषयी आणि विस्थापितांविषयी. त्या साऱ्याला महत्त्व आहेच. पण पोलादाचा इतिहास त्यात सापडत नाही. तो जुळवायचा तर वेगळी कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवावी लागतात: १९६३चा भारत-अमेरिका करार, त्या काळची अमेरिकी पोलाद मानके, परदेशी प्रयोगशाळांचे अहवाल, अणुऊर्जा नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे तांत्रिक लेखन. तारखा जुळवून वाचले की कोणत्या वर्षी कोणाला काय ठाऊक होते ते उलगडत जाते. आणि हेही दिसते की या सगळ्या कागदांतले निर्णायक वाक्य शेवटी त्या ५५ मिलिमीटरच्या तुकड्यांवर उभे आहे.

यातली भारतीय कागदपत्रे जिथे तयार झाली त्या जागा मुंबई उपनगर जिल्ह्यातच आहेत. नियामक मंडळाचे नियामक भवन आणि न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचे नाभिकीय ऊर्जा भवन अणुशक्तीनगरात, आणि भाभा केंद्र तिथून पुढे ट्रॉम्बेच्या टेकडीमागे, खाडीकडेला. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीहून सकाळी भाभा केंद्राच्या, म्हणजे बार्कच्या, बस पकडणाऱ्या माणसांपैकी काहींचा दिवस तारापूरच्या पोलादाची तपासणी करण्यात गेला. तारापूर तिथून उत्तरेला, शंभरेक किलोमीटरवर. जवळचे स्टेशन बोईसर, पश्चिम रेल्वेच्या त्याच मार्गावर ज्यावर अंधेरी आणि बोरिवली आहेत. तारापूरच्या २२० केव्हीच्या वाहिन्या बोरिवलीच्या उपकेंद्राकडे येतात. उपनगरातल्या कित्येक घरांत पन्नास वर्षांत जी वीज जळली तिचा काही भाग या दोन पात्रांतून आला.

आता पहिला प्रश्न. ही पात्रे विकत घेतली तेव्हा किरणोत्सर्गाने पोलाद ठिसूळ होते हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला माहीत होते का?

करारावर सही झाली ८ ऑगस्ट १९६३ला, वॉशिंग्टनमध्ये. मुदत तीस वर्षांची. १९६४मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळाले आणि बांधकामाची सुरुवात १ ऑक्टोबर १९६४ अशी नोंदली आहे. ही झाली आपल्या बाजूची तारीख. तिच्यासमोर तीन परदेशी तारखा मांडतो.

पहिली १६ जानेवारी १९४३. अमेरिकेतल्या पोर्टलंड बंदरात ‘शेनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना, मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. वादळ नव्हते, टक्कर नव्हती. युद्धकाळात घाईने वेल्ड केलेल्या आणखीही जहाजांना अशाच भेगा पडल्या. शोध घेता कळले की उबदार हवेत वाकणारे पोलाद एका ठराविक तापमानाखाली काचेसारखे तडकते, आणि वेल्ड केलेल्या जहाजात भेगेला अडवणारा रिव्हेटचा सांधाच नसल्याने ती थेट पलीकडे पोचते. हे तापमान मोजण्याची सोपी रीत फ्रेंच अभियंता जॉर्ज शार्पी याने १९०१च्या सुमारास प्रचारात आणली होती. खाच पाडलेला तुकडा, झोके घेणारा हातोडा, आणि तुकडा मोडताना हातोड्याची किती ऊर्जा खर्ची पडली त्याचे मोजमाप. तुकडा जितका चिवट, तितकी ऊर्जा जास्त.

दुसरी तारीख १९४६ची. युजीन विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाने त्या वर्षी छापलेल्या लेखात न्यूट्रॉनांच्या धडकेने घन पदार्थातले अणू जागचे हलतील आणि पदार्थाचे गुण बदलतील हे मांडले. युद्धकाळात अणुभट्ट्या आखतानाच त्याला ही चिंता लागली होती.

तिसरी तारीख आपल्या कामाची: १९६१. अणुभट्टीच्या पात्रात पोलादाचे नमुने कसे ठेवावेत, कोणते ठेवावेत आणि केव्हा काढावेत याचे अमेरिकी मानक, ई-१८५, त्या वर्षी प्रसिद्ध झाले. पात्राच्या पत्र्यातून कापलेले नमुने हवेत, वेल्डमधले हवेत आणि वेल्डच्या उष्णतेने ज्याचा पोत बदलला त्या शेजारच्या पट्ट्यातलेही हवेत.

म्हणजे १९६४मध्ये तारापूरची मागणी नोंदली गेली तेव्हा धोका ठाऊक होता आणि तो मोजण्याची पद्धत तीन वर्षांपूर्वीच लिहून झाली होती. तारापूरच्या पात्रांत नमुने बसले ते या मानकाच्या छायेत. कोणाला नंतर सुचले म्हणून ते घातले नाहीत; पात्राबरोबरच आले. ही साधी वाटणारी गोष्ट किती मोलाची होती हे पुढे दोन परदेशी उदाहरणांत दिसेल.

पण तेव्हा एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती समजण्यासाठी पोलादाच्या आत काय घडते ते पाहावे लागेल.

इंधनातून निघालेला न्यूट्रॉन एखाद्या लोखंडाच्या अणूवर आदळला की त्याला आपल्या ऊर्जेचा काही हिस्सा देतो. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन लोखंडाच्या अणूला जास्तीत जास्त सत्तर हजारांच्या आसपास देऊ शकतो. अणूला जागेवरून उठवायला लागतात अवघे चाळीस. त्यामुळे पहिला उठलेला अणू शेजारच्यांना उठवतो, ते आपल्या शेजाऱ्यांना, आणि सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शाहूनही कितीतरी कमी वेळात शेकडो अणूंची धावपळ उडून शांत होते. बहुतेक अणू कुठली ना कुठली रिकामी जागा पकडून बसतात. काही जागा मात्र रिकाम्याच राहतात आणि काही अणू दोन ओळींच्या मध्ये अडकतात. जलभट्टीच्या भिंतीत आयुष्यभरात दर चौरस सेंटिमीटरला एकावर अठरा शून्ये इतके वेगवान न्यूट्रॉन जमा झाले, तर हजारातला एखाद-दुसरा अणूच तेवढ्या काळात जागचा हललेला असतो. एवढ्या थोड्या उलथापालथीने वीतभर जाडीच्या आसपासचे पोलाद बदलते हे पटायला कठीण जाते.

ते बदलते, कारण धातू वाकतो तो सगळे अणू एकदम सरकून नव्हे. स्फटिकातल्या रचनेतला एक दोष, ज्याला डिस्लोकेशन म्हणतात, तो ओळीओळीने पुढे जातो. मोठी सतरंजी ओढण्याऐवजी तिला एका कडेला सुरकुती पाडून ती सुरकुती पलीकडे ढकलत नेली तर सतरंजी सहज सरकते, तसे. धातूची लवचिकता म्हणजे या सुरकुत्यांना मिळणारी मोकळी वाट. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्या वाटेत अडकलेल्या अणूंचे पुंजके, रिकाम्या जागांचे घोळके असे बारीक अडथळे उभे राहतात. सुरकुती अडते. पोलाद जास्त ताण झेलू लागते, म्हणजे वरकरणी ते अधिक मजबूत झालेले दिसते, आणि हीच बाब फसवी आहे. भेगेच्या टोकाशी एकवटलेला ताण वाकून जिरवण्याची त्याची ताकद कमी होते, आणि जिथे पूर्वी वाकले असते तिथे ते तडकते.

मोजमापात हे दोन प्रकारे उमटते. वेगवेगळ्या तापमानांना शार्पीचे तुकडे मोडले तर थंडीत खालचे पठार, उष्णतेत वरचे पठार आणि मध्ये चढण असा आलेख मिळतो. मारा सोसलेल्या पोलादाची ती चढण उजवीकडे, म्हणजे जास्त तापमानाकडे सरकते, आणि वरचे पठार खाली बसते. चढण किती सरकली हे तुकडा ४१ ज्यूल ऊर्जा घेतो त्या तापमानावरून ठरवतात. वरच्या पठारासाठी अमेरिकी नियमांची खालची मर्यादा ६८ ज्यूलची. पात्र किती वर्षांचे झाले याचा अर्थ या दोन आकड्यांत आहे.

हे सगळे १९६४मध्ये ढोबळ अर्थाने ज्ञात होते. अज्ञात होते ते तांबे.

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत स्टील आणि हॉथॉर्न हे संशोधक साठच्या दशकात वेगवेगळ्या पोलादांचे नमुने भट्ट्यांत घालून काढत होते. एकाच दर्जाचे, एकाच मानकाचे पोलाद, सारखाच मारा. तरी एक तुकडा थोडा बदले आणि दुसरा फार. दशकाच्या उत्तरार्धात या फरकाचा उलगडा झाला. तांबे, आणि त्याबरोबर फॉस्फरस. लोखंडात तांबे जेमतेम विरघळते. एरवी ते जागच्या जागी अडकून राहते, पण न्यूट्रॉनांनी केलेल्या रिकाम्या जागांमुळे त्याला हिंडायला वाट मिळते आणि ते दोन-तीन नॅनोमीटरच्या गोळ्या करून बसते. डिस्लोकेशनला अडवायला याहून वाईट अडथळा नाही. फॉस्फरस कणांच्या सीमांवर जमून सीमाच कमकुवत करतो. पुढे निकेलही तांब्याच्या जोडीने नुकसान वाढवते हे कळले.

हे तांबे आले कुठून? थोडे भंगारातून, आणि बरेचसे वेल्डिंगच्या तारेवरून. तार गंजू नये, वीज नीट वाहावी म्हणून तिच्यावर तांब्याचा मुलामा देत. कारखान्याच्या दृष्टीने ती चांगली सवय होती. त्या मुलाम्यामुळे त्या काळातल्या काही वेल्डमध्ये तांबे ०.२ ते ०.३ टक्क्यांपर्यंत गेले. १९७०नंतर अणुभट्टीच्या पात्रांसाठी मुलाम्याच्या तारा बंद होत गेल्या आणि तांब्याची मर्यादा ०.१ टक्क्याच्या आसपास आणली गेली.

तारखा पुन्हा शेजारी ठेवू. तारापूरच्या भट्ट्या फेब्रुवारी १९६९मध्ये चालू झाल्या, म्हणजे त्यांचे पत्रे त्याआधी लाटले गेले आणि सांधे त्याआधी भरले गेले. तांब्याचा दोष सर्वमान्य होऊन कारखान्यांच्या कामात उतरला त्याच्या अगोदरची ही पात्रे आहेत. त्या पिढीतली अमेरिकी पात्रे साधारणपणे ए-३०२ ग्रेड बी या मँगेनीज-मॉलिब्डेनम पोलादाची असत आणि तारापूर त्याच कुळातले. याचा अर्थ पात्र सदोष होते असा काढणे चूक ठरेल. त्याचा खरा अर्थ असा की मानकावर बोट ठेवून या पात्राविषयी काही सांगता येणार नव्हते. त्याच पात्राच्या पोलादाचे नमुने मोडून पाहण्याला पर्याय उरला नाही.

ते काम ट्रॉम्बेत झाले. भट्टीतून काढलेली कुपी स्वतःच तीव्र किरणोत्सर्गी असते. तिला हात लावण्याचा प्रश्नच नाही. शिशाच्या जाड पेटीत घालून ती भाभा केंद्रात येते आणि हॉट सेलमध्ये उतरते. हॉट सेल म्हणजे मीटरभर काँक्रीटच्या भिंतींची खोली, तिला शिसेमिश्रित काचेची जाड खिडकी. बाहेर उभा राहिलेला तंत्रज्ञ मॅनिप्युलेटरच्या दांड्या हलवतो, आत पोलादी बोटे तीच हालचाल करतात. कुपी कापायची, तुकडे ओळखून मांडायचे, प्रत्येकाला ठरलेल्या तापमानाला आणायचे, ऐरणीवर खाच बरोबर मधोमध येईल असा बसवायचा आणि हातोडा सोडायचा. तापवलेला वा थंड केलेला तुकडा बाहेर काढल्यापासून हातोडा पडेपर्यंत पाच सेकंदांत हे उरकावे लागते, नाहीतर तापमान बदलून मोजमाप वाया जाते. हाताने हे करणे अवघड. मॅनिप्युलेटरने करायला वर्षांचा सराव लागतो. एका आलेखासाठी डझनभर तुकडे. तुकडा एकदाच मोडतो, आणि त्याच्यासारखा दुसरा बाजारात मिळत नाही. मोडल्यावर कडा तपासतात. करडी, तंतुमय, फाटल्यासारखी दिसणारी कड चिवट. चमकदार, दाणेदार कड ठिसूळ.

कुपीत या तुकड्यांबरोबर शुद्ध धातूंच्या तारा ठेवण्याची रीत आहे. लोखंड, निकेल, तांबे. वेगवान न्यूट्रॉनांनी या तारांत ठराविक किरणोत्सर्गी मूलद्रव्ये तयार होतात. ती मोजली की तुकड्याने नेमके किती न्यूट्रॉन झेलले ते निघते. त्याशिवाय तुकडा कितीही नीट मोडला तरी त्याचे वय सांगता येत नाही. इतिहासकाराला कागदावर तारीख हवी असते, ती इथे तारेत असते.

आणि वयाचा प्रश्न तारापूरच्या बाबतीत खास महत्त्वाचा आहे, कारण पोलादाचे वय दिनदर्शिकेने ठरत नाही. भट्टी थांबली की मारा थांबतो. म्हणून अभियंते पूर्ण क्षमतेच्या वर्षांत वय मोजतात. समजा एखादी भट्टी पन्नास वर्षांत सरासरी ६० टक्के क्षमतेने चालली, तर तिच्या भिंतीचे वय तीस. तारापूरची मूळ क्षमता दर भट्टीला २१० मेगावॅट. दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्यावर ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ती १६० मेगावॅटवर आणली गेली. वीज घटली, म्हणून त्या निर्णयाकडे केवळ तोटा म्हणून पाहिले जाते. पात्राच्या भिंतीच्या दृष्टीने मात्र न्यूट्रॉन जमा होण्याचा वेग त्या दिवसापासून कमी झाला.

दुसरी जमेची बाजू भट्टीच्या जातीची. उकळत्या पाण्याच्या भट्टीत इंधन आणि भिंत यांच्यामध्ये पाण्याचा रुंद थर असतो, आणि वीतभर पाणी ओलांडताना वेगवान न्यूट्रॉनांची संख्या साधारण दहाव्या हिश्शावर येते. दाबित पाण्याच्या भट्टीत ही फट अरुंद. तिथल्या भिंतीवरचा मारा सहसा दहापटीने किंवा त्याहूनही जास्त. जगात ठिसूळपणाने गाजलेली उदाहरणे बहुतेक त्या दुसऱ्या जातीची आहेत ती यामुळे.

त्यातले एक अमेरिकेतल्या यांकी रो केंद्राचे. १९६०च्या सुमारास सुरू झालेल्या या भट्टीतला नमुन्यांचा कार्यक्रम साठच्या दशकातच गुंडाळला गेला होता. पुढे तीस वर्षांनी परवाना वाढवण्याची वेळ आली तेव्हा वेल्डमध्ये तांबे किती हे कोणाला ठामपणे सांगता येईना. ऑक्टोबर १९९१मध्ये भट्टी थांबवली आणि पुढच्या फेब्रुवारीत ती कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. पात्र तडकले नव्हते. ते तडकणार नाही हे दाखवणारा पुरावा हाताशी नव्हता. सोव्हिएत संघाच्या पहिल्या पिढीच्या व्हीव्हीईआर-४४० भट्ट्यांत तर नमुने घातलेच नव्हते. पात्राच्या भिंतीवरूनच लहान चकत्या खरवडून काढाव्या लागल्या. पात्र तापवून पोलादाला पूर्वपदावर आणण्याचा उपाय नोव्होव्होरोनेझच्या तिसऱ्या भट्टीवर १९८७मध्ये झाला. ४५० अंशांच्या आसपास काही दिवस तापवले की अणूंच्या पुंजक्यांचे बरेचसे नुकसान भरून येते. पण त्यासाठी भट्टी रिकामी करून पात्रात मोठी शेगडी उतरवावी लागते.

तारापूरची सख्खी भावंडे थोडी. तारापूर दुहेरी चक्राची भट्टी: काही वाफ थेट टर्बाइनला, काही दुय्यम जनित्रांतून. जर्मनीतली गुंड्रेमिंगेन-ए याच धर्तीची होती. १९७७च्या जानेवारीतल्या अपघातानंतर ती पुन्हा चालू झाली नाही, आणि ऐंशीच्या दशकात तिच्या पात्राच्या भिंतीतूनच पोलादाचे गोल ठोकळे कापून त्यांची तपासणी केली गेली. नमुन्याने सांगितलेले आणि भिंतीने सांगितलेले ताडून पाहण्याची संधी जगात फार थोड्या वेळा मिळाली, त्यांतली ही एक. तिथले पोलाद निराळ्या दर्जाचे असल्याने तिचे आकडे तारापूरला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

भारतात किरणोत्सर्गाने पोलाद ठिसूळ होण्याचा फटका प्रत्यक्ष बसला तो तारापूरला नव्हे, राजस्थानात रावतभाट्याला. तिथल्या पहिल्या भट्टीच्या टोकाच्या ढालींना, ज्यांना एंड शील्ड म्हणतात, साडेतीन टक्के निकेलचे पोलाद वापरले होते. थंडीत चिवट राहणारे पोलाद म्हणून त्याची ख्याती. पण ढाल इंधनाच्या नळ्यांना लागून, तिच्यावरचा मारा मोठा, आणि तिचे तापमान पात्राच्या मानाने फारच कमी. २८५ अंशांच्या आसपास चालणाऱ्या पात्रात हललेले अणू उष्णतेने थोडेफार जागेवर परततात. गार पोलादात ही सवलत नाही, नुकसान साचतच जाते. १९८१मध्ये ढालीतून पाणी गळू लागले आणि भट्टीला दीर्घकाळ थांबावे लागले. पुढच्या भारतीय भट्ट्यांत ढालींना ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टील आले. त्या स्फटिकाच्या रचनेत थंडीत एकाएकी ठिसूळ होण्याची चढणच नसते. ट्रॉम्बेत किरणोत्सर्गी पोलादाचा अभ्यास वाढला त्यामागे तारापूरच्या नमुन्यांइतकाच रावतभाट्याचा अनुभव आहे असे मला वाटते. पुढे तारापूरलाच उभ्या राहिलेल्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या (२००५ आणि २००६) जड पाण्याच्या आहेत. त्यांत जाड पोलादी दाबपात्र नाही, झिर्कोनियमच्या दाबनळ्या आहेत, आणि त्या बदलता येतात.

जुन्या दोन भट्ट्यांची मोठी झडती झाली ती २००० नंतर. डॉ. अनिल काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. नियामक मंडळाने तीन गोष्टी एकदम तपासायला घेतल्या: साठच्या दशकातली रचना आजच्या कसोटीला कितपत उतरते, तीस-पस्तीस वर्षांत यंत्रे किती झिजली, आणि चालवण्याच्या अनुभवाने काय शिकवले. ऑक्टोबर २००५ ते फेब्रुवारी २००६ या काळात भट्ट्या थांबवून नवी डिझेल जनित्रे बसली, दोन्ही भट्ट्यांत सामाईक असलेल्या विद्युत व्यवस्था वेगळ्या केल्या गेल्या, मुख्य नियंत्रण कक्ष निकामी झाला तर भट्टी सुरक्षित बंद करण्याची पर्यायी सोय झाली. वार्षिक अहवालात या कामांची यादी ठळक आहे. दाबपात्र त्या यादीत दुरुस्ती म्हणून येत नाही. ते येते तपासणीच्या भागात. नमुन्यांच्या निकालांवरून पोलादात पुरेसा चिवटपणा शिल्लक आहे हा निष्कर्ष, आणि बाकी सगळा खर्च व खटाटोप त्या निष्कर्षावर उभा. पात्र बदलता येत नाही. ते नापास झाले असते तर नव्या डिझेल जनित्रांना काही अर्थ नव्हता.

याच काळात भाभा केंद्राने आणखी एक हत्यार तयार केले. पात्राच्या आतल्या स्टेनलेस स्टीलच्या आवरणावरून, पाण्याखाली, दुरून चालवलेल्या यंत्राने होडीच्या आकाराची पातळ चकती कापून घ्यायची. आवरणाला धक्का न लावता. तारापूरच्या आवरणाच्या वेल्डजवळून अशा चकत्या काढल्या गेल्या. तिथली काळजी वेगळी, कणसीमांवरून पसरणाऱ्या भेगांची. तरी ज्याला पुरावा हवा त्याने वस्तूतूनच तो काढून आणावा, हा स्वभाव एकच.

इथे एक मागणी नोंदवावीशी वाटते. ‘पात्र सुरक्षित आहे’ हे वाक्य सामान्य वाचकाला वार्षिक अहवालात मिळते. ते वाक्य ज्या आलेखावर उभे आहे तो तांत्रिक नियतकालिकांत आणि परिषदांच्या निबंधांत शोधावा लागतो. किती पूर्ण क्षमतेच्या वर्षांनी कुपी काढली, चढण किती अंश सरकली, वरचे पठार किती उरले: हे तीन आकडे, तांब्याच्या टक्केवारीसह, मराठीत एका पानावर मावतात. बोईसर-पालघरच्या लोकांना आणि त्या विजेवर जगलेल्या उपनगरांना ते पान मिळायला हवे. त्यात लपवण्याजोगे काही नाही, उलट अभिमानाने दाखवण्याजोगे काम आहे.

आता या आकड्यांचा रोजच्या कामाशी संबंध कुठे येतो ते सांगतो, कारण तो भलत्याच ठिकाणी शोधला जातो. उकळत्या पाण्याच्या भट्टीत दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात; दाब सुमारे ७० किलो प्रति चौरस सेंटिमीटर चढतो तेव्हा पाणी २८५ अंशांच्या आसपास असतेच. तेवढ्या उष्णतेत म्हातारे पोलादही चिवट असते. खरी परीक्षा भट्टी बंद असताना. इंधन बदलून झाले की पात्र पाण्याने काठोकाठ भरून, तुलनेने थंड असताना, गळती तपासण्यासाठी दाब चढवतात. दाब पूर्ण आणि पोलाद गार, ही ती घडी. म्हणून दाब देण्याआधी पाणी किमान किती गरम हवे याचा तक्ता नियंत्रण कक्षात असतो आणि नमुन्यांचा प्रत्येक नवा निकाल आला की तक्त्यातली रेघ सरकते. ट्रॉम्बेच्या हॉट सेलमध्ये मोडलेला तुकडा तारापूरच्या पाळीतल्या माणसाला एवढेच सांगतो की आणखी इतके अंश तापव, मग दाब दे.

२०२०मध्ये दोन्ही भट्ट्या पुनर्चक्रणाच्या पाइपलाइन बदलण्यासाठी थांबवण्यात आल्या, पहिली जानेवारीत, दुसरी जुलैत. तोवर त्यांना पन्नास वर्षे पुरी झाली होती आणि जगातल्या सर्वांत जुन्या चालत्या वीजभट्ट्यांत त्यांची गणना होत होती. नवे पाइप जुन्या पात्राच्या तोंडांना वेल्ड करायचे, मग सगळे पाण्याने भरून दाब द्यायचा. तो दाब किती अंशांवर द्यायचा हे नव्या पाइपांच्या प्रमाणपत्रावरून ठरत नाही. ते ठरते १९६९मध्ये पात्रात ठेवलेल्या पोलादावरून.

मोडलेले तुकडेही टाकून दिले जात नाहीत. त्यांच्या अर्ध्यांना दोन्ही बाजूंनी नव्या पोलादाचे तुकडे जोडून, मधोमध पुन्हा खाच पाडून, त्याच वयाचा नवा नमुना करण्याची मान्य पद्धत आहे. नमुने संपत आलेल्या जुन्या भट्ट्यांना तिचा आधार होतो. अट एकच: कोणता अर्धा कोणत्या कुपीतला, पत्र्याचा की वेल्डचा, किती न्यूट्रॉन झेललेला, याची नोंद पन्नास वर्षे बिनचूक सांभाळलेली हवी.